पाणी आलं नाही म्हणून तलाव फोडता का?

"फॉरमॅट मारा लागते, भाऊ."

भंडारा जिल्ह्यात कम्प्युटर घेऊन कुठल्याही दुकानात जा, पाचव्या मिनिटाला हे वाक्य ऐकू येतं. मशीन हळू झालं, फॉरमॅट. प्रिंटर चालेना, फॉरमॅट. अपडेटनंतर वायफाय गेलं, फॉरमॅट. मोबाइलवाल्या दुकानात याच उपायाला 'रिसेट' म्हणतात आणि तुमचे फोटो गेल्यावर 'बॅकअप नव्हता का?' असं तुम्हालाच विचारतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. बिघाड कुठे आहे ते शोधायला दिलेला नकार आहे तो, आणि त्या नकाराला आपण दुरुस्तीचा भाव देतो. लिनक्सवर तर या सवयीला माफीच नाही. कारण तिथे मशीन बहुतेक वेळा स्वतःच लिहून सांगतं की काय तुटलं आहे. आपण ते वाचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

मी लाखनी तालुक्यातल्या एका गावचा. आमच्याकडे धान आणि तलाव. रोवणा झाल्यावर एखाद्या बांधीत पाणी पोचलं नाही, तर शेतकरी काय करतो? पाटाच्या कडेनं चालत जातो. कुठे गाळ साचला आहे, कुठे खेकड्यानं धुऱ्याला बीळ पाडलं आहे, कुठे वरच्या बांधीवाल्यानं तोंड बुजवलं आहे, ते बघतो. जिथे अडलं तिथे फावडं मारतो. पाणी आलं नाही म्हणून तलाव फोडून नवा बांधूया, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग हाच माणूस कम्प्युटरच्या दुकानात गेल्यावर तलाव फोडायला का तयार होतो?

हा राग उगाच आलेला नाही. त्याचा हिशोब आहे, आणि तो अक्षरशः हिशोबच होता.

आमच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तर माझे काकाजी बघतात. सभासद किती, कुणाचा भाग किती, मत्स्यबीज केव्हा टाकलं, रोहू-कतला किती निघाला, कुणाला किती वाटा दिला, हे सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर होतं. २०१९ च्या उन्हाळ्यात प्रिंटर छापेना. काकाजींनी डबा उचलला आणि मोटरसायकलवर तालुक्याच्या गावी नेला. प्रिंटर घरीच. दुकानदारानं फॉरमॅट सांगितलं. "डी ड्राइव्हला हात लावत नाही," असंही सांगितलं, आणि तो शब्द त्यानं पाळला. पण काकाजींच्या सगळ्या फायली डेस्कटॉपवर होत्या, म्हणजे सी ड्राइव्हवर. हे त्यानं विचारलं नाही आणि काकाजींना ठाऊक नव्हतं. तीन वर्षांचा हिशोब गेला.

घरी आणून प्रिंटर जोडला. तरीही छापेना. केबल खराब होती.

पुढचे चार महिने आम्ही पावतीबुकं, घाऊक व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आणि लोकांच्या आठवणी जोडून हिशोब पुन्हा उभा केला. लेखापरीक्षण कसंबसं झालं. पण दोन सभासदांनी भागाची रक्कम भरली होती की नाही, ते कागदावर सिद्ध झालं नाही. त्यातला एक माणूस आजही काकाजींशी बोलत नाही. जाळं टाकून पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ती लहान रक्कम नव्हती. आणि काकाजी पैसे खाणारे नाहीत, हे सिद्ध करणारी फाइल आम्ही स्वतःच दुकानात नेऊन पुसून आणली होती.

त्यानंतर त्या मशीनवर मी लिनक्स टाकलं. उबुंटू २०.०४. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला होता आणि नवं मशीन घ्यायला संस्थेकडे पैसे नव्हते. पाच वर्षं सुरळीत गेली. मग मे २०२५ मध्ये २०.०४ चाही नेहमीचा आधार संपला आणि मी २२.०४ वर अपग्रेड केलं. त्या रात्री तीन गोष्टी एकदम बंद पडल्या. वायफाय गेलं. काकाजींच्या डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर उघडेना. आणि हिशोबाचा तक्ता तयार करणारी मी लिहिलेली छोटी पायथन स्क्रिप्ट चालेना.

काकाजी म्हणाले, "दुकानात नेऊ का?"

म्हटलं, मी बघतो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता असं नाही, पण दुकानावरचाही उडाला होता.

आता तिन्ही बिघाड नीट सांगतो. ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, हेच मला दाखवायचं आहे.

पहिला, वायफाय. आमच्या मशीनला यूएसबीत खोचायचं स्वस्तातलं वायफाय आहे. त्याचा ड्रायव्हर उबुंटूसोबत येत नव्हता, म्हणून मी इंटरनेटवरून कोड उतरवून, कुठल्यातरी व्हिडिओतल्या आज्ञा जशाच्या तशा टंकून तो बसवला होता. लिनक्समध्ये असा ड्रायव्हर म्हणजे कर्नलचं एक मॉड्यूल. प्रत्येक कर्नल आवृत्तीचं मॉड्यूलचं वेगळं फोल्डर असतं. माझं मॉड्यूल ५.१५ च्या फोल्डरमध्ये होतं. अपग्रेडनं ६.८ चा कर्नल आणला. नव्या फोल्डरमध्ये ते मॉड्यूल नव्हतंच. बिघाड एवढाच. मशीन सुरू होताना जुना कर्नल निवडला आणि वायफाय परत आलं. जुनी पॅकेजेस काढू का, या प्रश्नाला अपग्रेडच्या वेळी मी 'नाही' म्हटलं होतं, म्हणून तो कर्नल शिल्लक होता. तो नसता तरी फोन यूएसबी केबलनं जोडून त्याचं इंटरनेट वापरता आलं असतं. मग त्याच ड्रायव्हरचा नवा कोड घेतला, कारण कर्नलच्या आतल्या जोडण्या बदलतात आणि जुना कोड नव्यावर बांधला जात नाही. तो डीकेएमएस नावाच्या व्यवस्थेत नोंदवला. आता कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधलं जातं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. व्हिडिओत ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दुसरा, टोकन. टर्मिनलमधून सुरू केल्यावर त्यानं एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा: 'लिबएसएसएल'ची १.१ क्रमांकाची फाइल उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. ही लायब्ररी ओपनएसएसएल या प्रकल्पाची. सुरक्षित जोडणीचं काम अनेक प्रोग्राम तिच्याकडून करून घेतात. २०.०४ मध्ये तिची १.१ मालिका होती, २२.०४ मध्ये ३ आली. लायब्ररीच्या नावामागचा आकडा शोभेचा नसतो, तो शब्द दिलेला असतो. जोवर आकडा तोच, तोवर जुन्या प्रोग्रामला जे हवं ते मिळेल. आकडा बदलला म्हणजे बनवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की आतली रचना बदलली आहे, आता नवा करार करा.

आणि इथे इंटरनेट काय सांगतं? '३ च्या फाइलला १.१ चं नाव देणारा दुवा तयार करा.' म्हणजे एकाच्या आधार कार्डावर दुसऱ्याचा फोटो चिकटवा. करून बघा. प्रोग्राम फाइल उघडतो, आत बघतो आणि दुसरी चूक छापतो: हवी ती आवृत्ती यात सापडली नाही. मग दुसरा व्हिडिओ सांगतो, जुन्या उबुंटूचं पॅकेज उचलून बसवा. त्यानं काम चालतं, हे खरं. पण ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला आहे. ज्या मशीनवर संस्थेची डिजिटल सही आहे, तिथे दुरुस्त्या न मिळणारं कुलूप लावायचं, हा कसला उपाय? मी टोकन बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर गेलो. ३ वर चालणारी नवी आवृत्ती तिथे ठेवलेली होती. उतरवली, बसवली, चाललं. चूक नीट वाचली म्हणून काय शोधायचं ते कळलं. नाहीतर 'टोकन चालत नाही' एवढंच शोधत बसलो असतो.

तिसरा, पायथन. यात दोष पूर्ण माझा. एक्सेलच्या फायली लिहिणारं मॉड्यूल मी सुडो लावून पिपनं थेट सिस्टिममध्ये टाकलं होतं. ते गेलं पायथन ३.८ च्या फोल्डरमध्ये. २२.०४ मध्ये पायथन ३.१०. पुन्हा तीच गोष्ट: आवृत्ती बदलली, फोल्डर बदललं, मॉड्यूल जुन्या घरातच राहिलं. चूक तेच सांगत होती, अशा नावाचं मॉड्यूल नाही. आता त्या स्क्रिप्टला मी तिचं स्वतंत्र आभासी वातावरण करून दिलं आहे. पुढच्या अपग्रेडला पायथन बदलला तर तेवढं वातावरण नव्यानं करायचं. सिस्टिमला धक्का नाही.

रात्री नऊला बसलो होतो, दीडला उठलो. एकही फाइल पुसली नाही.

आता खरं भांडण. याच पिपबद्दलची एक गोष्ट बघा. डेबियन १२ आणि उबुंटूच्या २३.०४ पासूनच्या आवृत्त्यांत तुम्ही थेट सिस्टिममध्ये पिपनं काही टाकायला गेलात, तर ते अडवलं जातं. संदेश सांगतो की हा पायथन सिस्टिम सांभाळते, तुम्ही वेगळं वातावरण करा. कसं करायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. त्यातूनही जबरदस्तीच करायची असेल तर एक पर्याय दिला आहे आणि त्याचं नाव मुद्दाम भयंकर ठेवलं आहे: ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस. मराठीत, 'सिस्टिमची पॅकेजेस मोडा'. आणि आपण काय करतो? तेवढाच पर्याय कॉपी करून चिकटवतो. रोगणाच्या डब्यावर 'पिऊ नका' लिहिलेलं असताना झाकणाची चव आवडली म्हणून पिणारा माणूस आणि आपण यांत मला फरक दिसत नाही.

हे फक्त दुकानदाराचं पाप नाही. उलट दुकानातल्या पोराला मी सगळ्यात कमी दोष देतो. फॉरमॅटचा भाव ठरलेला आहे. चूक वाचून, दोन तास शोधून, एक ओळ बदलली तर गिऱ्हाईक म्हणेल, "एवढ्याचेच पैसे?" आपण वाचनाचे पैसे देत नाही, पुसण्याचे देतो. मग त्यानं वाचावं का?

माझा राग शिकवण्यावर आहे. सरकारी नोकरीसाठी लागणारा संगणकाचा कोर्स आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक पोरानं केला आहे, मीही केला. त्यात कुठलं बटण कुठे आहे ते शिकलो. चूक आली तर ती वाचायची असते, हे कुणी एकदाही सांगितलं नाही. चूक म्हणजे लाज, ती खिडकी बंद करून टाकायची, एवढंच अंगवळणी पडलं. परीक्षेच्या मशीनवर चूक येतच नव्हती. आयुष्यातलं मशीन मात्र चुकांशिवाय चालत नाही.

याला दुसरा रस्ता नाही, असं कुणी सांगू नये. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअर धरलं. तिथे शाळेसाठी उबुंटूवर आधारलेलं लिनक्स तयार होतं आणि 'लिटिल काइट्स' नावाच्या विद्यार्थी-गटांत शाळकरी पोरंच तंत्र हाताळायला शिकतात. केरळची पोरं आमच्या पोरांपेक्षा हुशार जन्मत नाहीत. त्यांच्या हातात उघडं मशीन दिलं गेलं, आमच्या हातात प्रमाणपत्र.

लिनक्सच्या पंडितांवरही राग आहे. नवख्यानं काही विचारलं की 'आधी मॅन्युअल वाच' म्हणून त्याला हाकलायचं, आणि स्वतःचं ज्ञान सांगताना फक्त आज्ञा फेकायच्या, कारण सांगायचं नाही. कारणाशिवाय दिलेली आज्ञा आणि फॉरमॅट यांत मला फारसं अंतर वाटत नाही. दोन्हींत माणूस पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याच दारात येतो.

आता तुमचे आक्षेप. पहिला: चुका इंग्रजीत असतात. खरं आहे, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण दोन गोष्टी. एक, या चुकांची इंग्रजी शेक्सपिअरची नाही. नाही, सापडलं नाही, परवानगी नाही, जागा नाही, अवलंबून आहे, आधीच आहे. वीस-पंचवीस शब्दांत बहुतेक चुका वाचून होतात. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतरही समोर येतं. दोन, उबुंटू-डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर कुणीतरी बसून केलेलंही आहे. आपण मशीनची भाषा मराठी ठेवतच नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. मराठी अभिजात झाली म्हणून फटाके फोडणाऱ्यांनी एकदा तरी ते संदेश मराठीत वाचून बघावेत, जिथे खटकतात तिथे सुधारावेत.

दुसरा आक्षेप: वेळ कुणाकडे आहे? माझ्याकडे नव्हताच. पण साडेचार तास आणि चार महिने, यांतला कमी कुठला ते तुम्हीच ठरवा.

तिसरा: कधी कधी फॉरमॅट करावंच लागतं. मान्य. मशीनमध्ये असा व्हायरस शिरला की कशावरच विश्वास उरत नाही, किंवा कुणी व्हिडिओ बघून सिस्टिमची मूळ सी लायब्ररीच बदलली आणि आता साधी फायलींची यादीही दिसत नाही, तर फायली बाहेर काढून नव्यानं टाकणं शहाणपणाचं. धरणाला भगदाड पडलं तर फावड्यानं भागत नाही. पण आधी जाऊन बघा तरी, भगदाड आहे की खेकड्याचं बीळ.

यात पणाला काय लागलं आहे, ते फक्त आमच्या संस्थेच्या हिशोबापुरतं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारी कितीतरी चालू मशीन आता भंगाराच्या वाटेवर आहेत. गावातल्या अभ्यासिकांत, पतसंस्थांत, झेरॉक्सच्या दुकानांत जी मशीन आहेत ती याच जातीची. लिनक्स टाकलं तर त्यांना आणखी काही वर्षं मिळतात. पण ती वर्षं फुकट मिळत नाहीत. दर अपग्रेडला कुठेतरी एक लायब्ररी, एक मॉड्यूल अडणार. ते वाचणारा एक माणूस गावात नसेल, तर लिनक्सही दुकानात जाईल आणि तिथे त्यावर चोरटं विंडोज बसून परत येईल.

आणि वाचणारा एक माणूस काय करू शकतो, ते मार्च २०२४ मध्ये जगानं पाहिलं. एक्सझेड नावाची दाबून ठेवलेल्या फायली उघडणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती एक-दोन माणसं फावल्या वेळात सांभाळत होती. दोनेक वर्षं विश्वास कमावून एका अज्ञात हातानं तिच्यात चोरदरवाजा घातला. तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सापडला, कारण त्याच्या मशीनवर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपल्याकडे मशीन अर्धा तास अडलं तरी आपण कारण विचारत नाही. तो पाटाच्या कडेनं चालत गेला आणि त्याला बीळ सापडलं. त्यानं फॉरमॅट मारलं असतं तर तो चोरदरवाजा कदाचित जगभरच्या सर्व्हरांवर पोचला असता.

आमच्या भागात हा धडा जुना आहे. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले, एकाचा सांडवा दुसऱ्याला भरेल असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल मला दुःख नाही. पण तिच्यासोबत तलाव राखणारी व्यवस्थाही गेली. तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरचं बीळ कोण बुजवणार, हा प्रश्न कुणाचाच राहिला नाही. कितीतरी तलाव गाळानं भरले. ते कुणी फोडले नाहीत. त्यांच्याकडे बघणारा माणूस उरला नाही, एवढंच झालं.

संस्थेच्या खोलीत मशीनशेजारी आता दोरीला एक वही टांगली आहे. चूक आली की तारीख, चुकीची ओळ जशीच्या तशी, कारण आणि काय केलं, हे मराठीत लिहायचं. अपग्रेडच्या आधी कुठलं मॉड्यूल हातानं बसवलं आहे त्याची यादी आणि फायलींची पेन ड्राइव्हवर प्रत. पहिल्या तीन नोंदी त्या रात्रीच्या, माझ्या अक्षरात. सातवी नोंद काकाजींची आहे. प्रिंटर छापत नव्हता. त्यांनी लिहिलं आहे: 'आधी केबल पाहिली.'